काट्यावर दादाची परवानगी लागते

सौंदड, बुधवार

चि. ओमेश भाचा यांस,

गुणवंतामामाचा पाया पडून रामराम. तुम्ही वयाने माझ्याहून तीस वर्षांनी लहान, पण आपल्यात मामानेच भाच्याच्या पाया पडायचं असतं, म्हणून पत्रातूनच पडतो (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात जमत नाही). ताईची साखर आटोक्यात आहे ना? इटियाडोह धरणाचं पाणी यंदा वेळेवर सुटलं, उन्हाळी धान बरं आहे. फोनच केला असता, पण पुढचं सगळं काट्याच्या खोलीत मोठ्याने बोलायची हिंमत होत नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही नागपूरहून येऊन आपल्या धर्मकाट्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला आणि नवा बसवून दिला. आधुनिक सिस्टीम कशाला म्हणायचं, हे तुम्ही चहा होईपर्यंत समजावलंत. जुनी एका वेळी एकच काम करायची, ट्रक मोजला की गप्प. ही शंभर कामं एकदम करते, आणि त्यातली बरीचशी मागच्या मागे, कोणाला न दिसता (हे ऐकूनच मी खुर्ची जरा मागे सरकवली होती). प्रत्येक प्रोग्रामला आपापली खोली. एकाचं डोकं फिरलं तरी दुसऱ्याचं काम थांबत नाही. (ही सोय आपल्या घरात चाळीस वर्षांपूर्वी बसवायला पाहिजे होती.) माणसांनाही वेगवेगळी खाती, आणि काही मोठा बदल करायचा तर मुख्य माणसाची परवानगी. तुम्ही विचारलंत, मुख्य खातं कोणाच्या नावाने? मी म्हटलं, हीरालालदादाच्या. लग्नपत्रिकेत गेलेल्या थोरल्याचं नाव सगळ्यात वर छापतात, तसं. दादाला जाऊन दीड वर्ष झालं, तरी तुम्ही मामाचं मन राखलंत. खरं सांगतो, माझ्या मनाला टोचणी होती. दादा दवाखान्यात असताना मी त्याला न विचारता काट्याची पाटी बदलून माझ्या नावाची लावली. परत आल्यावर त्याने ती उभ्या उभ्या वाचली आणि घरात गेला. त्यावर तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने जेवलो असतो.

तर आता ऐका. तुम्ही गेल्यावरच्या सोमवारी नवा प्रिंटर जोडला. पडद्यावर चौकट आली: हीरालाल, पासवर्ड द्या. पासवर्ड मला ठाऊक नाही. चौकट तशीच ठेवून, खोलीला कुलूप लावून जेवायला गेलो. परत येतो तर प्रिंटर तयार, परवानगी मिळालेली. म्हटलं, मशीनच शहाणं झालं असेल. पुढच्या आठवड्यात वजनाच्या पावतीचा नमुना बदलला, पुन्हा तसंच. मग घड्याळ दुरुस्त केलं, तेही मंजूर. रोज सकाळी सुरू केलं की दोन नावं दिसतात, वर हीरालाल, खाली गुणवंता. गेल्या शुक्रवारी दुपारी वरच्या नावाखाली बारीक अक्षरांत आलं की हे आत आहेत. मी घाबरून बंद करायला गेलो, तर म्हणतं, दुसरं कोणीतरी अजून हा कॉम्प्युटर वापरत आहे, आता बंद केलात तर त्यांचं काम वाया जाईल. खोलीत मी एकटा. बाहेर ऊन, काट्यावर गाडी नाही. मी हात जोडले, पंखा चालू ठेवला आणि बाहेर येऊन बसलो.

मला झोप लागत नाही, भाचा. तुम्ही या, दादाचं खातं काढा आणि माझ्या नावाने करा. काटा माझा आहे की नाही, हे एकदाचं ठरू द्या.

आपला,
गुणवंतामामा

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधीच उलगडा झाला. शामकलावहिनी! दादाची किल्ली अजून तिच्याकडेच आहे, आणि पासवर्डाचा कागद तुम्हीच तिला दिला होता (हे मला सांगायला काय झालं होतं?). मी जेवायला गेलो की ती येऊन बसायची. मी रागावलो, तर म्हणाली, "भाऊजी, ते होते तवा तुमी एक बी गोष्ट त्याइले इचारून केली नाही. आता इचारून राहिले, त हो म्हणनारा कोणी पायजे का नाही?" तेव्हा घाबरू नका.

ता. क. २, शनिवार. पाकीट पुन्हा उघडलं. वहिनी गुरुवारपासून कुडव्याला लेकीकडे, रुचीकडे गेली आहे. जाताना दादाची किल्ली आणि तो कागद माझ्या हातात दिला. कागद मी न वाचता देवापाशी ठेवला. काल दुपारी मीच दादाचं खातं काढायला गेलो. चौकट आली. दोन्ही किल्ल्या खिशात घालून जेवायला गेलो. परत आलो तर परवानगी दिलेली. नागपुरात बसून तुम्हीच केलं असेल, तर मला कळवू नका. आता पडद्यावर एकच प्रश्न उरला आहे: हीरालाल आणि त्यांचं सगळं कायमचं काढून टाकायचं का? खाली 'हो' आणि 'नाही'. दादा हो म्हणून मोकळा झाला, पण माझा हात कुठल्याच बटणाकडे जात नाही. कालपासून गाड्या परत पाठवतो आहे. कामं टाकून या, आणि तेवढं 'नाही' दाबून द्या.