उलटं फूल

४ डिसेंबर, बुधवार

आज मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिहिणारच नव्हते, पण मनात ठेवून झोप कुठली लागायला!

राजवाड्यात गर्दी बेताची. तिसऱ्या फेरीला चौदा माणसं. दरबाराच्या दालनात चौथ्या खांबापाशी थांबले आणि नेहमीचा विनोद सोडला — सगळ्या खांबांवरची चुन्याची फुलं सुलटी, हे एकच उलटं. देठ वर, पाकळ्या खाली. का? तर त्या दिवशी गवंडीबुवा झोकून आले होते! नऊ वर्षं गाईड म्हणून या वाक्यावर हशा वसूल केलाय. आजही झाला.

एक म्हातारं जोडपं मात्र हसलं नाही. आजी आजोबांकडे वळून हळूच म्हणाल्या, "हेच का हो तुमचं?"

आजोबांनी नुसती मान हलवली. बोटं जाडजूड, भेगांत चुना कायमचा बसलेला.

आणि मी काय केलं? पुढे चालू लागले! राणीमहालात छताखालच्या फुलांच्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं — तीनशे वर्षांपूर्वीचं काम, असे हात आता जन्माला येत नाहीत. आजोबा बराच वेळ वर बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

५ डिसेंबर

नवऱ्याला सांगितलं. आधी हसला. "उचलली जीभ, लावली टाळ्याला," म्हणाला. मग माझा चेहरा बघून उठला आणि चहा टाकला.

खरं तर तो विनोद माझ्या पहिल्या महिन्यातला. कुणीतरी विचारलं, फूल उलटं का? मला माहीत नव्हतं. तसं कबूल करायला कमीपणा वाटला, म्हणून ठोकून दिलं. लोक हसले. मग खरं कारण शोधतंय कोण!

६ डिसेंबर

कार्यालयातल्या कारकूनकाकांना विचारलं. त्यांनी दुरुस्तीची जुनी फाइल काढली, धूळ झटकली, एका ओळीवर बोट ठेवलं. फुटलेल्या फुलाच्या जागी नवं केलं तर ते उलटं बसवायचं. जुनं कुठलं, नवं कुठलं, हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. कल्पना गवंड्याचीच, साहेबांनी मंजूर केलेली.

काका म्हणाले, "सुलटं बसवलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, इतकं हुबेहूब काम! पण तो ऐकेना. म्हणायचा, दुसऱ्याच्या कामात आपलं चोरून घुसवायचं नाही."

त्याच्या सचोटीची खूण होती ती. मी तिची दारू केली.

७ डिसेंबर

आज चौथ्या खांबापाशी थांबलेच नाही. भित्री!

८ डिसेंबर, रविवार

ज्येष्ठांच्या सवलतीच्या वहीत आजोबांचा नंबर सापडला. तीनदा लावून कापला. चौथ्यांदा आजींनी उचलला.

सगळं कबूल केलं. नऊ वर्षांचं. आजी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी जन्मात थेंब घेतला नाही, बाई. मला त्यांचं काम दाखवायला पहिल्यांदाच आणलं होतं. घरी आल्यावर म्हणतात, त्या शिकलेल्या आहेत, माझंच काही चुकलं असेल."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडूच आलं. परत या, मी लोकांसमोर खरं सांगते, म्हटलं. विचारून बघते, म्हणाल्या.

१० डिसेंबर

आले! वीस लोक होते. चौथ्या खांबापाशी सगळं सांगितलं — फूल कुणी केलं, उलटं का बसवलं, आणि इतकी वर्षं मी काय बरळत होते तेसुद्धा. कुणी हसलं नाही. एका बाईंनी दोघांना खांबाशेजारी उभं करून फोटो काढला. आजी अगदी ताठ उभ्या राहिल्या. मला वाटलं, चला, सुटले.

निघताना आजोबा म्हणाले, "राणीमहालातही एकदा नीट वर बघा, बाई." आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता.

११ डिसेंबर

दरवाजे उघडण्याआधीच राणीमहालात गेले. मान वर करून पट्टीतली फुलं मोजली. चोपन्न. एकूण एक, देठ वर.