लहानगी सिगार

मस्तगड, जालना
ता. १२ जानेवारी १९३९

चि. पुंजाराम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील कोडे मला फार आवडले. जाडजूड वस्तूचे नाव सिगार आणि तिच्याहून सडपातळ वस्तूचे नाव मात्र लांबलचक, सिगारेट. हे उलटे कसे? क्रमाने पाहू. मूळ शब्द सिगार. तो स्पॅनिश लोकांकडून युरोपात पसरला; त्यांनी तो अमेरिकेतील माया लोकांच्या धूम्रपानाच्या शब्दावरून घेतला असावा, असा पुष्कळांचा तर्क आहे. फ्रेंचांनी त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय जोडला. आपण डब्याची डबी करतो, तशी त्यांनी सिगारची सिगारेट केली. म्हणजे लहानगी सिगार! वस्तू घटली म्हणूनच नाव वाढले.

मात्र नावातील लहानपणावर विसंबू नकोस. तुझा खोकला दिवाळीपासून हटलेला नाही, असे तुझ्या सौ. इंद्रायणीने कळवले आहे. आपला धाकटा कडूबा बदनापूरहून तुला सिगारेटी पुरवतो, त्यालाही मी लिहीत आहे. तू परतूरला गाडीत बस आणि इकडे ये. डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे. लोभ आहेच, तो तुला समोर धडधाकट पाहून वाढावा, एवढीच इच्छा.

तुझा दादा,
बद्रीनाथ

आष्टी
ता. २ फेब्रुवारी १९३९

तीर्थस्वरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र तुमच्या धाकट्या भावजयीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लहानगी हाय तर पोरीवानी सासरी धाडा की आता. मी हसलो, हसता हसता खोकला आला, मंग ती रडली.

जल्दी येणं जमत न्हाई. हरभरा उभा हाय. तो काढला की बराबर येतो. बैलांना हाक मारायला दम पुरत न्हाई, पण जनावरं बिलकुल शहाणी. मी नुसता थांबलो तरी आपली आपण वळून राह्यलेत. वहिनींना नमस्कार. माया हाय तशी राहू द्या.

तुमचा,
पुंजाराम

मस्तगड, जालना
ता. २८ एप्रिल १९३९

चि. कडूबा यास आशीर्वाद.

पुंजारामचे तेरावे आटोपून काल आष्टीहून परतलो. हरभरा घरात आला, तेव्हा त्याला बैलगाडीत निजवून परतूरला न्यावे लागले होते. इथे जालन्यात डॉक्टरांनी त्याच्यासमोर पेटता दिवा धरून फुंकायला सांगितले. ज्योत जेमतेम लवली. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, की दादा, ह्यो दिवा माझं ऐकत न्हाई, तुम्हीच याला समजावून सांगा. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

तेराव्याला गोठ्यामागे तू सिगारेट पेटवलीस, ते मी पाहिले. पोते उचलून चार पावलांवर टेकवलेस, तेही पाहिले. रागावलो नाही. आता माझा सगळा लोभ तुझ्यापाशीच उरला आहे, म्हणून पद्धतशीर लिहितो. दिवा पेटव. तोंडापासून दोन मुठींच्या अंतरावर ठेव. छाती भरून श्वास घे आणि ओठांचा चंबू न करता, तोंड सताड उघडे ठेवून, एका दमात फुंक. निरोगी छातीपुढे तो बहुधा विझतो. विझला तर तसे कळव. नाही विझला तर कळवत बसू नकोस. पहिल्या गाडीने ये.

तुझा दादा,
बद्रीनाथ