विमानावरचं आईचं नाव

दुबई, नोव्हेंबर १९६७

प्रिय आई,

सलाम. झुबेदा, लाडके बहिणी, हे पत्र आईला घाईघाईत वाचून दाखवू नकोस, आणि मधलं काही गाळू तर मुळीच नकोस. आई, तुझा तय्यब तांडेल झाला! गेल्या जुम्म्यापासून इथले लाँचमालक इद्रीसचाचा, त्यांच्या नव्या लाँचचं सुकाणू माझ्या हातात आहे. खाडीतून बाहेर पडलो तेव्हा इथल्या देऱ्याच्या धक्क्यावरून आपली बाणकोटची पोरं "यल्ला तय्यब, यल्ला!" ओरडत होती. मला हसू आवरेना.

तुझ्या कानावर वेगळंच आलं असेल. हारुनशेटची एवढी मोठी लाँच मिळत होती, ती तय्यबने लाथाडली, त्याचं डोकं फिरलं, वगैरे. लाथाडली हे खरं. का, ते ऐक.

शेटनी लाँच दाखवली तेव्हा मी वेडाच झालो होतो. नवंकोरं सागवान, दोन डिझेल इंजिनं! वर शेट म्हणाले, "नाव तू ठेव." माझ्या तोंडून लगेच निघालं, "हलिमा." धावत जाऊन मी हे वर्कशॉपमध्ये हॅरिससाहेबाला सांगितलं. हा म्हातारा इंग्रज लढाईत विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा. मला डिझेलचं काम त्यानेच शिकवलं. तो म्हणाला, "आईचं नाव? एका वैमानिकानेही तेच केलं होतं." आणि एका जुन्या मासिकातला फोटो पुढे केला. भलंमोठं चकाकतं विमान, बी-२९. वैमानिकाच्या खिडकीखाली ठळक अक्षरांत त्याच्या आईचं नाव, एनोला गे. मी उडालोच! काय लेक आहे, म्हटलं! चार इंजिनं, बारा माणसं, पॅसिफिकमधल्या एका बेटावरून अंधारात उड्डाण, मग तासन् तास खाली नुसतं पाणी. मी प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटलो. शेवटी विचारलं, एवढ्या लांब ते काय घेऊन गेलं?

साहेब म्हणाला, "हिरोशिमाचा बॉम्ब."

आई, अब्बांनी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा तू चुलीपुढे बसून रडली होतीस, मला आठवतं. पण ते विमान कुणाच्या तरी आईच्या नावाचं होतं, हे मला माहीत नव्हतं. साहेबाने आणखी एक सांगितलं. आपण नेमकं काय घेऊन चाललोय, हे त्या बारा जणांतल्या बहुतेकांना हवेत गेल्यावर कळलं.

मी तडक शेटकडे गेलो. विचारलं, "माल कसला न्यायचा?" ते हसले. "तू हवा बघ, इंजिन बघ. पेट्यांशी तुला काय करायचंय?" मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "खलास. पाहिजे तर ये, नाहीतर जा." मी निघून आलो. नंतर बरेच दिवस बेकार होतो, ते तुला कळवलं नाही.

ही गोष्ट फिरत फिरत इद्रीसचाचांकडे पोहोचली. त्यांनी निरोप धाडला, "पेटीत काय आहे विचारणारा तो पोरगा मला हवाय." इथे समुद्रात तेलासाठी खोदकाम चाललंय, तिथल्या माणसांना गोडं पाणी आणि भाजी पोहोचवायची. काल येताना तापाने फणफणलेले दोघे मजूर आणले. वारा उलटा होता, तरी लाँच अशी पळाली म्हणून सांगू! धक्क्यावर त्यातल्या एकाने माझा हात किती वेळ सोडलाच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. इद्रीसचाचाही म्हणतात, नाव तूच ठेव. शेटच्या लाँचच्या वेळी मी तुला विचारलंसुद्धा नव्हतं. त्या वैमानिकाने आपल्या आईला विचारलं होतं का, मला ठाऊक नाही. मी विचारतोय. पाणी, भाजी आणि आजारी माणसं, हाच माझा माल. दुसरं काही चढलं तर मी उतरेन. तुझं नाव देऊ? झुबेदाला तुझ्याच शब्दांत लिहायला सांग. हो म्हण ना, आई!

तुझाच,
तय्यब