सोमवारचं स्वागत

वारंडा बेंड,
गुरुवार, शाळा सुटल्यावर

ती. ग्वेनवन्सं यांना एनिडचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं तुम्ही बंद केल्याचं तुमच्या डॅफ्नेकडून कळलं. ते उद्यापासून पुन्हा सुरू करा, सबब ऐकणार नाही. आणि पित्ताशयातले खडे बाटलीत घालून पाहुण्यांना दाखवणं थांबवा. चहाच्या वेळी तर नकोच. मी बरी आहे. रक्तदाब तोच, शाळा तीच, थंडी मात्र यंदा जास्त.

पत्र लिहायचं कारण असं की आपल्या नदीकाठच्या आंटी गेल्या. आज बरोबर दोन आठवडे झाले. कोणत्या आंटी ते तुम्हाला समजेल, तुमच्या भावाच्या अंत्यविधीला माझ्या शेजारी त्याच बसल्या होत्या. नाव लिहीत नाही. घरचे मोकळीक देईपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, फोटो दाखवायचा नाही आणि आवाज तर मुळीच ऐकवायचा नाही, असं नदीकाठच्या मूळ माणसांचं सुतक असतं. इथे चाळीस वर्षं शिकवून मला एवढं नक्की ठाऊक आहे. (आहे म्हणण्यापेक्षा होतं म्हणावं. पुढे वाचा.)

आमचे नवे मुख्याध्यापक ट्रेंट साहेब वयाने चौतीस, उत्साहाने चौदा. त्यांनी या वर्षी रिंगण सुरू केलं. दर बुधवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांनी नीलगिरीखालच्या ओंडक्यांवर गोल बसायचं, लहान-मोठा भेद ठेवायचा नाही, आणि इथल्या मूळ माणसांची दृष्टी प्रत्येक विषयात कशी आणायची यावर बोलायचं. कल्पना चांगली आहे. (मी ती चौऱ्याऐंशी साली मांडली होती. तेव्हा मला चहाची जबाबदारी देण्यात आली.) साहेबांनी भेटवस्तूंच्या दुकानातून रंगीत ठिपक्यांची एक काठी आणली. ज्याच्या हातात काठी त्यानेच बोलायचं. आंटींची नात जोलीन आमच्याकडेच नोकरीला आहे, नदीकाठची घरं आणि शाळा यांच्यामधलं सगळं तीच पाहते. तिने काठी उलटसुलट करून विचारलं, "ही कुणाची?" साहेब म्हणाले, "आपल्या सगळ्यांची." "मग सगळे मिळून कपाटात ठेवून या. आमच्यात बसायला काठी लागत नाही साहेब, कान लागतात." गणिताच्या बॅरींनी रिंगणासाठी केलेल्या विषयवार तक्त्यात सबंध सत्राच्या तासांपुढे 'बूमरँगचा कोन' एवढंच लिहून दिलं होतं. जोलीनने त्यांनाही सोडलं नाही. "बॅरीकाका, इतकी हजार वर्षं आम्ही नुसतं फेकतच बसलो होतो का हो?" बॅरी लाल झाले. पण हल्ली ते पोरांना नदीवर नेऊन मासे अडवायच्या जुन्या दगडी बांधांची मापं घ्यायला लावतात आणि पोरं ऐकतात. बॅरींच्या तासाला पोरं ऐकतात हे मी सत्तावीस वर्षांत प्रथम पाहिलं.

तर, या सगळ्यात आमचं सर्वांत कौतुकाचं काम म्हणजे सोमवारचं स्वागत. आंटींनी आपल्या भूमीवर मुलांचं स्वागत केलेलं मी दोन वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलं होतं. घंटेच्या यंत्रात ते दर सोमवारी नऊ वाजता आपोआप लागतं. कर्णे जुने आहेत, एकाचा आवाज दुसऱ्याच्या जरा मागे पडतो. आधी फाटकाशी ऐकू येतो, मग मैदानावर, मग ग्रंथालयापाशी, म्हणजे बाई बोलत बोलत आत चालत येताहेत असंच वाटतं. दोन वर्षं आम्हाला त्याची गंमत वाटायची.

आंटी गुरुवारी गेल्या. शुक्रवारी आम्ही झेंडा अर्ध्यावर उतरवला, दाराजवळचा त्यांचा फोटो काढून ठेवला, सांत्वनाचं कार्ड सगळ्यांकडून सही करून घेतलं. यंत्र कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सोमवारी नदीवरून दाट धुकं आलं होतं, फाटकावरून ग्रंथालय दिसत नव्हतं. अंत्यविधीचा दिवस सांगायला जोलीन आली होती. नऊ वाजले आणि धुक्यातून आंटी आत आल्या. "या लेकरांनो, बसा. पाय जपून ठेवा, ही जमीन ऐकत असते." पहिलीतल्या मुलांनी सवयीने "गुड मॉर्निंग, आंटी" म्हटलं. मग त्यातलं एकेक मूल मध्येच थांबत गेलं. जोलीनने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. आवाज संपल्यावर ती वळली आणि नदीकाठची तेवीस मुलं, बालवाडीपासून सहावीपर्यंतची, रांग लावून तिच्या मागे चालू लागली. कुणी रडलं नाही, कुणी धावलं नाही. धुक्यात रांगेचं शेवटचं दप्तर दिसेनासं झालं तरी आम्ही बावीस पदवीधर तिथेच उभे होतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी स्वतः ग्रंथालयामागच्या खोलीत जाऊन यंत्राचं बटण बंद केलं. बॅरी साक्षीला होते. खोलीला कुलूप घातलं.

सोमवारी नऊ वाजता आंटी पुन्हा बोलल्या.

या वेळी धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं, आणि ते जास्त वाईट. नीलगिरीवरचे मॅगपाय पक्षी एकदम गप्प झाले. फाटक, मैदान, ग्रंथालय. मुलं जागच्या जागी उभी. आवाज संपल्यावर मी मैदानावर आले तेव्हा पहिलीतली एक मुलगी माझा हात धरून म्हणाली, "आंटी आज दमल्यात ना?" वन्सं, ध्वनिमुद्रण दमत नसतं. मी तिला तसं सांगितलं. पण माझ्याही कानाला ते तसंच लागलं होतं.

मग जो गोंधळ झाला तो शाळेच्या इतिहासात नोंदवण्यासारखा आहे. बॅरी म्हणाले यंत्रात कुठेतरी छुपी बॅटरी असणार, आणि ती शोधताना त्यांनी गॅदरिंगच्या दिव्यांची वायर कापली. संगीताच्या प्रुडन्सबाई आईकडे निघून गेल्या. दोनशे किलोमीटरवरच्या यंत्रवाल्याने फोनवर सांगितलं की एकदा बंद करून चालू करा. (चालू करा! वन्सं, मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.) ट्रेंट साहेबांनी पिवळे कागद वाटले आणि आपापली भावना एका शब्दात लिहायला सांगितली. उरलेल्या एकवीसपैकी वीस जणांनी 'भीती' लिहिलं. बॅरींनी 'बॅटरी'.

काल बुधवारी रिंगणात जोलीन आली. सुतकात असूनही आली, कारण मुलांची शाळा बुडतेय. कपाटातल्या काठीची कुणी आठवणसुद्धा काढली नाही. ती ओंडक्यावर बसली. मग म्हणाली, "आजीला जायचंय. ती निघते, आणि सोमवार आला की तुम्ही तिला अर्ध्या वाटेतून माघारी बोलावता. पहिल्या वेळी चूक झाली, ते मी समजू शकते. दुसऱ्या वेळी काय झालं?" साहेब म्हणाले, यंत्राचा दोष. "यंत्राला आजी आठवत नाही, साहेब. माणसाच्या हाताने झालंय हे. ज्याचा हात त्याने इथे बसून सांगावं. मग आम्ही पाला जाळून सगळ्या खोल्यांना धुरी देऊ आणि मुलं परत येतील. तोवर नाही." ती रिंगणातल्या प्रत्येकाकडे आळीपाळीने पाहत गेली. घाई नाही, राग नाही. माझ्यावर नजर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या बुटांना पॉलिश नाही.

आमच्या तक्त्यात अकरा विषय आहेत आणि प्रत्येकापुढे मूळ माणसांची दृष्टी लिहून भरली आहे. नदीकाठच्या चार वर्षांच्या पोराला जे कळतं ते त्यातल्या एकाही रकान्यात नाही. हे मी कालच्या बैठकीत मांडायला हवं होतं. मांडलं नाही.

डॅफ्नेला आशीर्वाद. तिच्या नवऱ्याला दाढी काढायला सांगा.

तुमची,
एनिड

ता. क. लॅमिंग्टन केकचा तुमचा डबा माझ्याकडेच आहे. मागितला नाहीत म्हणून दिला नाही.

ता. क. दुसरा. बॅटरी नव्हती. सोमवारी पावणेनऊला मीच कुलूप काढून बटण सुरू केलं. मैदानाकडच्या कर्ण्यांची वायर आधी काढली, म्हणजे खोलीतल्या लहान कर्ण्यावर तेवढं ऐकू येईल असं मला वाटलं. ती वायर चुकीची निघाली. मला फक्त एकदा ऐकायचं होतं. तुमचा भाऊ गेल्यापासून गावात मला कुणी 'अगं' म्हणत नव्हतं, त्या म्हणायच्या. जोलीनपासून मी हे लपवलं आणि बॅरींना वायर कापताना उभी राहून पाहिलं.

ता. क. तिसरा, आणि हा डॅफ्नेला वाचून दाखवू नका. दोन वर्षांपूर्वी स्वागत बोलून झाल्यावर आंटी मला म्हणाल्या होत्या, "बंद कर आता ते, एनिड." ते वाक्य मी स्वतः कापून टाकलं होतं. दोन वर्षांत ते एकदाही वाजलं नाही. मैदानावर त्या सोमवारीही कुणाला ऐकू आलं नाही, मी आडून आडून सगळ्यांना विचारलं. खोलीत मात्र आलं. मी बंद केलं, मग मुळापासून वायर ओढून काढली.

येत्या बुधवारी मला रिंगणात सांगायचं आहे. मंगळवारच्या बसने या. माझ्या शेजारच्या ओंडक्यावर नुसतं बसायचं, माझी बाजू मांडायची नाही. गुडघ्यासाठी उशी मी आणते.