पॅनेलांवरच्या खोळी

५ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

ठमी मजेत आहे. तुझ्या कोळशाच्या वीजकेंद्रातल्या भट्टीच्या धुरातून उचलून तिला माझ्याकडे धाडलंस ते बरं झालं, तिची धाप थांबली. आत्याचं ऐकायचं नाही हा बापाचा गुण मात्र तिने पुरेपूर उचललाय.

शाळेचं काय सांगू? गच्चीवर सोलर पॅनेल बसली, मला हरित ऊर्जेचा तास मिळाला आणि मी हुरळून गेले. पण मुख्याध्यापकांना पॅनेलवर चरे पडायची धास्ती. त्यांनी शिंप्याकडून जाड कापडाच्या खोळी शिवून घेतल्या आणि चढवल्या. गच्चीची किल्ली त्यांच्याच खिशात. पाहुणे आले की खोळी निघतात, पाहुणे फाटकाबाहेर पडले की पुन्हा चढतात. मी उन्हापासून वीज शिकवते आणि पोरं भिंतीवरच्या मीटरकडे बघतात. काटा शून्यावर.

परवा चाचणीत विचारलं, सौर ऊर्जा केव्हा तयार होते? निम्म्या वर्गाने लिहिलं, पाहुणे आल्यावर. ठमीनेही. मोठी होऊन उन्हावर वीज करीन आणि बाबांची भट्टी बंद पाडीन, असं म्हणणारी हीच पोर. हल्ली ती तसं म्हणत नाही आणि मला फार भीती वाटते. साहेबांशी भांडू का?

वहिनींना नमस्कार. माझा लोभ खोकल्याच्या औषधासारखा टाळू नकोस.

तुझी,
मास्तरीण


१४ ऑक्टोबर

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

खोळींचं वाचून हसलो आणि हसता हसता खोकला लागला. आईने चांगले कप पाहुण्यांसाठी कपाटात ठेवले होते, आठवतं? आपण मात्र कान तुटलेल्या कपातून प्यायचो. तुझे साहेब आईच्याच पंथातले.

पण भांडू नकोस. तुझी नोकरी गेली तर ठमी इकडेच येणार. भट्टीपुढे उभं राहून माझं काय झालंय ते तू पाहिलंस. पोरीने वीजकेंद्राच्या या फाटकातून कधी आत येऊ नये, एवढंच आता माझं मागणं आहे. गोडीगुलाबीने घे. तपासणीला अधिकारी येतीलच, त्यांना दिसेल सगळं.

दोघींवर माया आहे, लिहिता येत नसली तरी.

तुझा दादा


२ डिसेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अधिकारी येऊन गेले. सकाळीच खोळी काढल्या होत्या. मीटरचा काटा सरसर वर चढला आणि मला भरून आलं. मी ठमीला बोट दाखवून म्हटलं, बघ. ती शांतपणे म्हणाली की ते गेले की पडेल.

अधिकाऱ्यांनी वर्षभरात किती वीज झाली ते पाहिलं. जवळपास काहीच नव्हती. त्यांनी शेरा मारला की इथे ऊन पुरेसं पडत नाही. मी उठले होते, दादा. साहेब माझ्याकडे बघत होते. तुझं पत्र आठवलं आणि मी खाली बसले. ठमी समोरच्या बाकावर होती, तिने ते पाहिलं.

पॅनेल काढून नेणार आहेत. माझा तास बंद झाला, आता मी हस्ताक्षर शिकवते. ठमीचं पत्र सोबत आहे. मी ते वाचलं, पण तिला काय सांगू?

रागावलास तरी पत्र टाक.

तुझी,
मास्तरीण


ती. बाबांस सा. न.

मी बरी आहे. आत्या रडते म्हणून मी तिच्याजवळ झोपते. पॅनेल ट्रकमधून गेली, खोळींसकट.

बाबा, उन्हाच्या विजेचं मी सोडून दिलं. ती फक्त पुस्तकात असते. तुमच्याकडे कुणी बघायला आलं नाही तरी रोज वीज होते. आत्याकडचा दिवासुद्धा त्याच विजेवर लागतो. तुमच्या भट्टीला कुणी खोळ घालत नाही ना? मोठी झाले की मी तिथेच तुमच्या हाताखाली काम करणार, म्हणजे तुम्हाला मधूनमधून बसता येईल.

माझी जागा राखून ठेवा.

तुमची लाडकी,
ठमी