बाबांची लाइन

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकशील, अशी मला धास्ती आहे. म्हणून पत्ता दवाखान्याच्या प्रिंटरवर छापून घेतलाय. लबाडी आहे, पण आता एवढी चालवून घे. आठ महिन्यांपूर्वी मी तुला फोनवर खोटारडा म्हटलं आणि फोन आपटला. त्यानंतर आपण एक शब्दही बोललेलो नाही. लिहायचंय त्याबद्दलच, पण सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. वीस वर्षं दातांच्या दवाखान्यात बसून लोकांना ‘अजिबात दुखणार नाही’ सांगणारी बाई मी. माझ्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

बाबा पडले त्या सकाळचं तुला कुणी नीट सांगितलंच नसेल. न्हाणीघरात पडले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. इस्पितळात त्यांना खाटेवर निजवलं, तेव्हा त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये सारखा वाजत होता. लिफ्टदुरुस्तीसाठी म्हणून गावातल्या निम्म्या लिफ्टमध्ये तो नंबर पत्र्याच्या पाटीवर रंगवलेला, तू स्वतःच कितीतरी रंगवलेस. एक बाई तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, कडेवर मूल होतं आणि ती रडत होती. मी जाडेकाकांना कळवलं. बाबांचे कामातले जोडीदार म्हणून ते धावले, पण नंतर मला बजावलं की पाट्या बदलेपर्यंत ही लाइन एक तासही बंद राहता कामा नये. कुणीतरी आत कोंडलेलं असेल आणि पलीकडे कुणी उचलणारच नसेल, असं व्हायला नको.

दोन फोन सांभाळणं मला जमेना. एक शोधायला जावं तर दुसरा वाजायचा. माझ्या फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा रिकामीच होती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून केसातल्या पिनेनं ती सरकपट्टी बाहेर काढली आणि बाबांचं सिम तिथे बसवलं. फोननं विचारलं, दोन्ही लाइनींना नावं काय द्यायची? एकीला ‘मी’ दिलं, दुसरीला ‘बाबा’. रिंगही वेगवेगळ्या लावल्या. मला मोठं काम केल्यासारखं वाटलं. मग पहिला फोन आला आणि पडद्यावर ‘बाबा’ उमटलं. बाबा समोर काचेपलीकडे तोंडात नळी घेऊन पडलेले.

फोन लावायला गेलं की तो दर वेळी विचारायचा, ‘मी’ की ‘बाबा’? दिवसभर लिफ्टवाल्यांना उलटे फोन करायचे आणि मग काकांना निरोप द्यायचा. बोट आपोआप ‘बाबा’वर पडायला लागलं.

त्याच संध्याकाळी तुला पहिला फोन लावला. एक रिंग वाजली आणि कट झाला. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तीनदा. रोज एक रिंग आणि कट. तू माझं नाव बघून कापतोयस, याबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही. मेसेजच्या त्या हिरव्या ॲपमधून तर तू कधीच बाहेर पडला होतास. तुझ्या बायकोचा नंबर माझ्याकडे नव्हता, कारण तुझ्या लग्नाला मी आले नव्हते. काकांनी एकदा सुचवलंही, माझ्या फोनवरून लावून बघ. मी म्हटलं, सख्ख्या बहिणीचा उचलत नाही तो परक्याचा काय उचलणार? माझं नाक आडवं आलं, धाकट्या. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

तुझं आणि बाबांचं भांडण मी विसरलेले नव्हते. दुरुस्ती चालू असताना लिफ्टच्या उघड्या दारात धोक्याची पाटी नव्हती, एका म्हाताऱ्या बाईंचा पाय आत जाता जाता वाचला. बाबांनी सगळ्या इमारतीदेखत तुझ्या हातातून किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला आणि म्हणाले, “तुझ्या हातात माणसांचा जीव द्यावा असा तू नाहीस.” तू पाटी लावली होतीस असं सांगत राहिलास. त्यांनी ऐकून घेतलं नाही. तू घर सोडून गेल्यावरही महिनाभर रोज फोन करून तेच सुनावत होते, हेही मी ऐकलंय. तू ऐकणं बंद केलंस तर नवल काय? पण त्या दिवसांत मला यातलं काही आठवायचं नव्हतं. मला चीड आली होती.

आता जे सांगते ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बाबांना बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. डावा हात उचलून ते दाराकडे दाखवायचे. कोण हवंय, हे विचारायची गरज नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी मी फार दमले होते. मी त्यांना सांगितलं, “बाबा, तो फोन कापतोय. तो येणार नाही.” थाप मारता आली असती. निघालाय, गाडीत आहे, काहीही चाललं असतं. रोज अनोळखी लोकांना गोड बोलून खुर्चीत बसवणारी मी, मला नेमकं तेव्हाच खरं बोलायचं सुचलं. त्यांनी हात खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मध्ये त्यांनी दाराकडे एकदाही पाहिलं नाही.

तुला आत्याकडून कळलं आणि तू चौथ्या दिवशी माझ्या नंबरवर फोन केलास. रडत होतास. म्हणालास, “मला एकही फोन आला नाही, ताई.” त्यावर मी काय बोलले ते पुन्हा लिहीत नाही. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. सगळ्या नातेवाइकांना मी ते तिखटमीठ लावून सांगितलं. आत्यानं तुझ्याशी बोलणं टाकलं ते माझ्यामुळे.

गेल्या सोमवारी काकांनी शेवटची पाटी बदलली. मी बाबांची लाइन बंद करायला दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं माझा फोन हातात घेतला, कुठे कुठे शिरून बघत राहिली आणि सहज विचारलं, “या एका नंबरला कायम दुसरीच लाइन लावून ठेवलीय तुम्ही. ती आधी काढू का?” मी वाकून पाहिलं. नंबर तुझा होता. पहिल्या संध्याकाळी फोननं नेहमीसारखं विचारलं असणार, खाली ‘या नंबरसाठी नेहमी हीच लाइन’ असा चौकोन असतो, आणि माझं सवयीचं बोट ‘बाबा’वर पडताना त्यावरही पडलं असणार. पुढे त्यानं तुझ्या बाबतीत कधी विचारलंच नाही. एक रिंग वाजून कट होणं म्हणजे काय, हेही त्या मुलीनंच समजावलं. पलीकडच्यानं तो नंबर ब्लॉक केलेला असला की असं होतं म्हणे. लाइन बंद न करताच मी बाहेर पडले.

फुटपाथवर उभं राहून तुला ‘मी’वरून लावला. तुझ्या बायकोनं उचलला, तू फोन घरी विसरून कामावर गेला होतास. गोड आहे रे ती. तिनं मला ताई म्हटलं. तिच्याकडून कळलं की माझ्या शिव्या खाल्ल्यावर तू ब्लॉक केलेल्यांची यादी उघडलीस आणि त्यात बाबांच्या नंबरवरून आलेले अकरा फोन सापडले. बाबा इस्पितळातून हाका मारत होते आणि आपण ऐकलं नाही, हे धरून तू बसलायस. म्हणूनच तू मला उलट काही बोलला नाहीस. ताईचा फोन आला होता एवढंच सांग, म्हटलं, आणि ठेवला.

ते फोन बाबांचे नव्हते, माझे होते. त्यांना बटणही दाबता येत नव्हतं. तू कुणाचीही हाक डावलली नाहीस, मी चुकीच्या दारावर थापा मारत होते आणि शिक्षा तुला दिली. आत्याला आणि बाकीच्यांना मी काल एकेक करून फोन लावून हे सांगितलंय. हे तुला फोनवरही सांगता आलं असतं, पण तू लगेच ‘जाऊ दे ताई’ म्हणाला असतास, आणि मला इतक्या स्वस्तात सुटायचं नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले. घरी येऊन मी माझ्या फोनमधली नोंद मोजली. तुला लावलेले फोन दहा निघाले. चारदा मोजले, दहाच. मग कपाटातून बाबांचा बटणांचा फोन काढून चार्ज केला. त्यांनी लावलेल्या नंबरांत सगळ्यात वर तू आहेस. ते पडले त्याच्या आदल्या दिवशीची तारीख, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. तेव्हा ते धडधाकट होते, घरात एकटे होते आणि सिम त्यांच्याच फोनमध्ये होतं. काय बोलायचं होतं ते मला माहीत नाही आणि मी रचून सांगणार नाही. कदाचित पुन्हा ओरडलेच असते. पण भांडणानंतर तीन वर्षांनी त्यांनी तुझा नंबर आपल्या हातानं लावला होता. तुझ्या यादीतला सगळ्यात खालचा फोन बघ. बाकीचे दहा पुसून टाक, तो एक ठेव.

तुझी, तुला खोटारडा म्हणणारी,
ताई