डोक्यावरची शपथ

बाबा, आज पूजेनंतर मी माझ्या धाकट्या लेकीला तेल लावत होते. खोटं लपवायला ती माझ्या गळ्याची शपथ घेऊ लागली, तर मी तिचा हात झटकला. "शपथ सुटली म्हण आधी!" ती घाबरून म्हणाली, "सुटली, सुटली." मग तुम्हाला हे लिहायला जमाखर्चाच्या वहीचं मागचं पान काढलं. कोरा कागद तुमच्यावर खर्चायची माझी इच्छा नाही.

तुम्ही कधी सुटली म्हणाला नाहीत.

पोळ्याची कर होती, सणाचा दुसरा दिवस. आपला जिल्हा दारूबंदीचा, म्हणून तुम्ही मोहाची नाल्यापलीकडे जाऊन प्यायचात आणि गुरुवारी तुळशीची माळ घालून भजनात खंजिरी वाजवायचात. गावाला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. त्या दुपारी येऊन पडवीत जे आडवे झालात ते थेट सकाळपर्यंत. माय दोनदा म्हणाली, "उठा जी, मोरीत तरी जाऊन या." तुम्ही शिवी देऊन कूस बदलली. सकाळी उठलात ते कण्हतच. पोट टम्म, आणि लघवीचा थेंब नाही.

भजनी मंडळानं जीप करून आर्वीला दवाखान्यात नेलं. मी दहावीत होते. तरुण डॉक्टर पलंगावर वाकून विचारतात, "काका, दारू घेतली होती का? कुठं पडलात? मार लागला?" सगळं मंडळ पायथ्याशी उभं. माय हळूच म्हणते, "खरं सांगून द्या न जी सायबाले." तुम्ही माझं मनगट धरून मला ओढता, डोक्यावर हात ठेवता. "या पोरीची शपथ, डाक्टरसायेब, थेंबाले शिवलो नाई. माळकरी माणूस आहो मी." मागून मंडळातले एक काका म्हणतात, "देवमाणूस आहे जी," आणि खाली बघतात.

डॉक्टरांनी माळ पाहिली, मला पाहिलं आणि मुतखडा समजून सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा मूत्राशय फुटलेलं निघालं. बाहेर येऊन ते मायला म्हणाले, "नशेत लघवी लागल्याचं कळत नाही. पिशवी भरत जाते आणि मार न लागताही फुटते. सगळं पोटात सांडून विष झालं. कालच का नाही सांगितलंत?"

माय म्हणाली, "मी सांगतलं असतं तं शपथ खोटी पडली असती साहेब. पोरीवर आली असती."

तुम्ही शुद्धीवर न येताच गेलात. तेरवीला मंडळानं भजन केलं. तुमची अब्रू वाचली. मायची जन्माची झोप गेली. माझ्या साध्या तापालाही ती मीठमोहरी ओवाळायची. लग्नानंतर माझं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा देवळाच्या पायरीवर नाक घासत बसली. शेवटच्या दुखण्यातही माझा हात धरून तेच, "तुही शपथ सुटली नाई वं." देव असल्या शपथा मोजत नाही, असं मी तिला पोथीवर हात ठेवून सांगितलं. तिला पटलं नाही. नवऱ्याला वाचवायचं की पोरीला, हे तुम्ही तिच्यावर टाकलंत, तेही चार माणसांत दारुडा ठरू नये म्हणून. याला माफी नाही, आणि मी देणारही नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. दवाखान्यातल्या त्या शपथेआधी तुम्ही कधी माझ्या डोक्यावर हात ठेवला नव्हता. तुम्ही खोटं बोलताय हे मला कळत होतं. तरी डोक्यावरून हात काढून घेतलात तेव्हा वाटलं, अजून थोडा वेळ राहू द्यायचा होता.